वाचक विचारतात : कॅटरिना आणि न्यू ऑर्लिन्सच्या भिंती

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ अमेरिकेच्या लुइझियाना आणि मिसिसिपी राज्यांच्या किनाऱ्यावर धडकलं आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी वाचकांच्या पत्रांत या वादळाचं नाव येतच राहतं. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. शहराला पुरापासून वाचवण्यासाठी कालव्यांच्या काठांवर बांधलेल्या भिंती कशा फुटल्या या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. वादळाविषयी पुष्कळ लिहिलं-बोललं जातं, भिंतींविषयी फार थोडं. न्यू ऑर्लिन्समधली माणसं मात्र भिंती फुटल्यामुळे बुडाली.

प्रश्न : हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ यांत फरक काय? कॅटरिना नेमकं कुठे तयार झालं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फरक फक्त समुद्राचा. अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमध्ये त्याला हरिकेन म्हणतात, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. इंधन एकच, कोमट समुद्राची वाफ. पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं, आणि ते नुसतं वरवर नव्हे, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. शिवाय खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांचा वेग आणि दिशा फार वेगळी असून चालत नाही. तसं झालं तर ढगांचा मनोरा एका अंगाला कलतो आणि वादळ बाळसं धरत नाही.

अटलांटिकमधून पश्चिमेकडे सरकणारी एक पावसाळी लहर आणि त्याच महिन्यात विरून गेलेल्या दुसऱ्या एका कमी दाबाच्या क्षेत्राचे अवशेष एकत्र आले आणि २३ ऑगस्टला बहामा बेटांच्या आग्नेय भागात, नासाऊपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, कॅटरिनाचं केंद्र तयार झालं. २४ तारखेला त्याला वादळाचा दर्जा आणि नाव मिळालं. हंगामातलं ते अकरावं नाव. २५ च्या संध्याकाळी ते दक्षिण फ्लोरिडाला धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे पाच श्रेणींतली सर्वांत खालची पहिली श्रेणी. जमिनीवर आल्यावर वादळ मरगळतं. पण फ्लोरिडाचा तो भाग म्हणजे एव्हरग्लेड्सची दलदल. तिथे ते सहाएक तासच होतं, आणि २६ च्या पहाटे थोडंसं अशक्त होऊन मेक्सिकोच्या आखातात उतरलं.

प्रश्न : मग एका-दोन दिवसांत एवढी ताकद कुठून आली? आणि किनाऱ्यावर येताना जोर ओसरला होता म्हणतात, तर एवढा विध्वंस कसा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मेक्सिकोच्या आखातात कॅरिबियनकडून येणारा एक उबदार प्रवाह वळसा घालून परत फिरतो. त्याला लूप करंट म्हणतात. इतरत्र वादळाने समुद्र घुसळला की खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाची चूल विझते. या प्रवाहात पाणी खोलवर कोमट असतं, त्यामुळे कितीही घुसळलं तरी वर कोमटच येतं. कॅटरिना नेमकं तिथून गेलं. २८ ऑगस्टला सकाळी सातपर्यंतच्या बारा तासांच्या आत ते तिसऱ्या श्रेणीतून थेट पाचव्या श्रेणीत पोचलं. दुपारी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होता आणि केंद्रातला हवेचा दाब ९०२ हेक्टोपास्कल. नेहमी तो १०१३ च्या आसपास असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी लुइझियानातल्या ब्युरास गावाजवळ किनारा ओलांडताना मात्र वेग ताशी २०५ च्या आसपास आला होता, दाब ९२०. म्हणजे तिसरी श्रेणी. वादळाच्या मधल्या शांत भागाभोवतीची, म्हणजे ‘डोळ्या’भोवतीची, ढगांची भिंत खचत होती आणि कोरडी हवा आत शिरत होती.

पण वारा उतरला म्हणून पाणी लगेच उतरत नाही. आदल्या दिवशी पाचव्या श्रेणीच्या वाऱ्याने खोल समुद्रात उभ्या केलेल्या लाटा किनाऱ्याकडे निघालेल्याच होत्या. शिवाय वादळाचा पसारा अवाढव्य झाला होता. केंद्रापासून १६५ किलोमीटरपर्यंत हरिकेनच्या वेगाचे वारे होते. वादळाच्या उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात, आणि त्या बाजूला मिसिसिपीचा उथळ किनारा होता. खोल समुद्रात वाऱ्याने ढकललेलं पाणी तळाकडून परत जाऊ शकतं, उथळात त्याला चढण्यावाचून वाट नसते. मिसिसिपीतल्या पास ख्रिश्चन इथे समुद्र ८.५ मीटर चढल्याची नोंद आहे. नुसत्या कमी दाबाने पाणी किती फुगतं याचा हिशेब सोपा आहे. दर हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे कॅटरिनात जेमतेम एक मीटर. बाकी सगळं वाऱ्याचं आणि उथळ तळाचं काम. तिथल्या किनाऱ्यावर कित्येक घरांच्या जागी फक्त काँक्रीटची जोती आणि रस्त्यावरून चढायच्या पायऱ्या उरल्या.

प्रश्न : मुंबईचा २६ जुलै आणि कॅटरिना एकाच वर्षीचे. पाऊस कुठे जास्त पडला? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : मुंबईत, आणि कितीतरी जास्त. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका. तिथे शहर पावसाने बुडालं नाही.

प्रश्न : वादळ येणार हे आधी कळलं नव्हतं का? लोक का थांबले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कळलं होतं, आणि चांगलं कळलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २६ च्या रात्रीपासून, म्हणजे सुमारे ५६ तास आधी, मार्ग न्यू ऑर्लिन्सच्या अगदी जवळून दाखवला आणि पुढे तो फारसा बदलला नाही. २७ च्या सकाळी दक्षतेचा इशारा, रात्री धोक्याचा इशारा. केंद्राचे संचालक मॅक्स मेफील्ड यांनी त्या संध्याकाळी गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आणि महापौर रे नेगिन यांना स्वतः फोन केले. महामार्गाच्या दोन्ही बाजू बाहेर जाणाऱ्या गाड्यांना मोकळ्या करण्याचं काम २७ च्या दुपारीच सुरू झालं होतं. शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश मात्र २८ च्या सकाळी निघाला, वादळाच्या वीसेक तास आधी.

ज्यांच्याकडे गाडी होती त्यांतले बहुतेक निघाले. शहर आणि उपनगरं मिळून दहा लाखांहून अधिक माणसं वेळेत बाहेर पडली, आणि हे यश मोठं आहे. पण शहरातल्या जवळजवळ चारांतल्या एका घराकडे गाडीच नव्हती. महिनाअखेर होती, हातात पैसे नव्हते. आजारी आणि म्हातारी माणसं होती. लाखभर लोक मागे राहिले. सुपरडोम हे क्रीडागार ‘शेवटचा आसरा’ म्हणून उघडलं. आधी दहाएक हजार, मग वीस हजारांच्या वर लोक तिथे जमले. वीज गेली, जनित्रावर फक्त अंधुक दिवे चालले, पाण्याचा दाब गेल्यावर संडास बंद पडले, छताचं आवरण वाऱ्याने सोलून निघालं. लुइझियानातल्या मृतांपैकी जवळपास निम्मे ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. ‘गाव सोडा’ एवढं सांगून भागत नाही. कोणाकडे वाहन नाही, कोणाला उचलून न्यावं लागेल, ही यादी वादळाच्या हंगामाआधी हातात असावी लागते.

एक बारकावा. १९६५ च्या बेट्सी वादळात पाणी चढत गेल्यावर लोक पोटमाळ्यावर गेले आणि छताखाली अडकले. तेव्हापासून तिथली जुनी कुटुंबं पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवतात. ज्यांच्याकडे ती होती ते छप्पर फोडून बाहेर आले.

प्रश्न : भिंतींवरून पाणी वाहून गेलं, की भिंती फुटल्या? फुटल्या तर नेमक्या कशा? (एक स्थापत्य अभियंता, पुणे)

उत्तर : दोन्ही घडलं, आणि फरक महत्त्वाचा आहे. वरून पाणी गेलं तर भिंत अपुरी ठरली असं म्हणता येतं. पाणी माथ्याला पोचायच्या आत भिंत गेली, तर ती चुकीची बांधलेली होती.

आधी शहराची ठेवण लक्षात घ्या. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन सरोवर. हे सरोवर समुद्राशी जोडलेलं आहे. मधली वस्ती परडीसारखी, निम्म्याच्या आसपास जमीन समुद्रसपाटीखाली. पावसाचं पाणी पंपांनी उचलून सतराव्या रस्त्याचा कालवा, ऑर्लिन्स कालवा आणि लंडन अव्हेन्यू कालवा अशा तीन कालव्यांतून सरोवरात सोडलं जाई. पंप मात्र कालव्याच्या सरोवराकडच्या तोंडाशी नव्हते, ते शहराच्या आतल्या टोकाला होते, आणि तोंडाला दरवाजा नव्हता. सरोवर चढलं की तेच पाणी कालव्यातून थेट वस्तीच्या मध्यभागी यायचं आणि दोन्ही काठांच्या भिंतींवर दाबायचं. तोंडाशी दरवाजे बसवायचा पर्याय चर्चेत होता. पण दरवाजे लावले तर पंपांचं पाणी अडेल म्हणून स्थानिक यंत्रणांनी उंच भिंतींचा आग्रह धरला, आणि अखेर अमेरिकी काँग्रेसने भिंतींच्या बाजूने कौल दिला.

जागा कमी, बाजूला लगेच घरं. म्हणून रुंद बांधाऐवजी जुन्या मातीच्या बांधाच्या माथ्यातून पोलादी पत्रे ठोकले आणि त्यांच्या वरच्या टोकावर काँक्रीटची भिंत ओतली. पत्र्याशेजारी पत्रा खाचेत अडकवून जी सलग पडदी होते, तिला शीट पाइल म्हणतात. वरून काँक्रीट दिसतं, पण भिंतीचा सगळा भार जमिनीत गेलेल्या त्या पत्र्यावर आणि त्याला धरून ठेवणाऱ्या मातीवर असतो.

सतराव्या रस्त्याच्या कालव्यात असं झालं. पाणी चढलं तशी भिंत वस्तीकडे किंचित झुकली. झुकल्याबरोबर पाण्याच्या बाजूला पत्रा आणि माती यांच्यात एक उभी फट पडली, आणि फटीत पाणी शिरलं. आता दाब फक्त वरच्या भिंतीवर राहिला नाही, तो पत्र्याच्या पूर्ण खोलीवर आला. पाण्याकडची अर्धी माती आधारातून वजा झाली. उरलेला अर्धा बांध ज्या थरावर उभा होता तो मऊ चिकणमातीचा, आणि वर कुजलेल्या दलदलीचा. तो अर्धा बांध भिंतीसकट वस्तीकडे सुमारे १४ मीटर सरकला. साबणाची वडी ओल्या फरशीवरून सरकते तसा, अख्खाच्या अख्खा. खिंडार जवळपास १४० मीटरचं झालं. त्या वेळी पाणी भिंतीच्या माथ्यापासून अजून चार-पाच फूट खाली होतं.

ही फट पडते हे आधी माहीत होतं का? या भिंतींचा आराखडा ज्यांचा, त्या अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलानेच १९८५ साली लुइझियानात मॉर्गन सिटीजवळ शीट पाइलची पूर्ण आकाराची चाचणी घेतली होती. त्यात पत्र्यामागे फट दिसली होती. आराखड्यात ती धरली गेली नाही. उलट त्या चाचणीवरून असा निष्कर्ष काढला गेला की पत्रे ३१ ते ४६ फूट खोल न नेता १७ फूट नेले तरी चालतील. त्यात सुमारे १० कोटी डॉलर वाचणार होते. चाचणी एका जागची, माती दुसऱ्या जागची, आणि घाई बचतीची. या एका निर्णयाची किंमत शहराने मोजली.

लंडन अव्हेन्यू कालवा दोन ठिकाणी फुटला आणि तिथलं कारण वेगळं. तिथे बांधाखाली वाळू आहे. फटीतून शिरलेल्या पाण्याचा दाब वाळूतून सरळ पलीकडे, घरांच्या अंगणाखाली पोचला. माती खालून उचलली गेली, वाळू वाहून निघाली आणि पाय सुटलेली भिंत कोसळली. मधला ऑर्लिन्स कालवा मात्र फुटला नाही. त्याच्या आतल्या टोकाची थोडी लांबी उंच करायची राहून गेली होती. तिथून पाणी सांडत राहिलं आणि बाकीच्या भिंतीवर तेवढा दाब चढलाच नाही.

पूर्वेकडे, औद्योगिक कालव्यावर पाणी खरोखरच माथ्यावरून गेलं. धबधब्यासारखं पलीकडे पडलं आणि भिंतीच्या पायथ्याशी खोल चर खणत गेलं. पलीकडची आधाराची मातीच संपल्यावर भिंत आडवी झाली. लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीवर सकाळी पावणेआठच्या सुमारास जे पाणी आलं, त्याने घरं जोत्यावरून उचलून एकमेकांवर ढकलली. त्या पायथ्याशी काँक्रीटचा पट्टा किंवा दगडी फरसबंदी असती, तर पाणी आत आलं असतं, पण तासा-दोन तासांपुरतंच. खिंडार पडलं नसतं. त्याच्याही पूर्वेला जहाजांसाठी खणलेल्या मार्गालगतचे बांध तो खणताना निघालेल्या वाळू-शिंपल्यांच्या गाळाचे होते. ते लाटांनी अक्षरशः विरघळले.

आणखी एक चूक कागदावरची. उंची मोजण्याच्या जुन्या खुणा वापरात होत्या, आणि जमीन तर सतत खचते. त्यामुळे काही भिंती आराखड्यापेक्षा एक-दोन फूट बुटक्या होत्या. १ जून २००६ रोजी चौकशी अहवाल आला तेव्हा अभियंता दलाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल कार्ल स्ट्रॉक यांनी आराखड्यातली चूक जाहीरपणे मान्य केली. मात्र १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला संरक्षण दिलेलं असल्यामुळे बुडालेल्या घरांच्या मालकांना न्यायालयात भरपाई मिळाली नाही.

प्रश्न : परडीसारखं शहर, तर पाणी बाहेर काढलं कसं? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ४३ दिवस लागले, २९ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर. पंप होते, पण वीज नव्हती, आणि कित्येक पंपघरं स्वतःच पाण्यात होती. आधी शहरातली आणि सरोवराची पातळी एक झाली. मग हेलिकॉप्टरमधून वाळूच्या प्रचंड पिशव्या टाकून खिंडारं बुजवायला सुरुवात झाली. सतराव्या रस्त्याचं खिंडार ५ सप्टेंबरला बंद झालं. सरोवर उतरल्यावर काही ठिकाणी बांध मुद्दाम कापले, म्हणजे जेवढं पाणी आपोआप निघेल तेवढं निघावं. उरलेलं पंपांनी. त्यात २३-२४ सप्टेंबरला रीटा वादळ आलं, औद्योगिक कालव्यावरच्या तात्पुरत्या भरावावरून पाणी गेलं आणि लोअर नाइन्थ वॉर्ड दुसऱ्यांदा बुडाला.

प्रश्न : फोटोंत घरांच्या दारांवर रंगाने फुली मारलेली दिसते. ती कशाची? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : शोधपथकाची नोंद. पथक घरात शिरताना एक तिरकी रेघ मारतं, बाहेर पडल्यावर दुसरी. अपुरी फुली म्हणजे पथक अजून आत आहे. फुलीच्या डाव्या खणात पथकाची ओळख, वरच्या खणात तारीख आणि वेळ, उजव्या खणात धोका (गॅसगळती, खचलेली जमीन, मोकाट कुत्रं). खालच्या खणात सापडलेल्या माणसांची संख्या, जिवंत किती, मृत किती. बहुतेक दारांवर खाली शून्य आहे. काही दारांवर एक किंवा दोन आहे. परत आलेल्या काही कुटुंबांनी घर नव्याने रंगवताना तेवढी फुली ठेवून दिली.

प्रश्न : आठवडे पाण्यात राहिलेली घरं त्यांनी साफ कशी केली? आम्ही २०२१ चा पूर पाहिला आहे, म्हणून विचारतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तिथली घरं लाकडी सांगाड्याची, त्यावर आतून जिप्समचे पत्रे. जिप्सम टीपकागदासारखं पाणी वर ओढतं, म्हणून पाण्याच्या खुणेच्या किमान एक-दोन फूट वरपर्यंत, आणि खूप दिवस पाणी राहिलं असेल तर छतापर्यंत, सगळं काढून फेकावं लागलं. क्रम असा होता : आधी फोटो, कारण विम्याला पुरावा लागतो. मग मुख्य वीज आणि गॅस बंद. फ्रिज उघडायचा नाही, चिकटपट्टीने गुंडाळून तसाच बाहेर. सामान, गालिचे, भिंतींचे पत्रे, त्यांच्या आतला उष्णतारोधक कापूस, खिळे, या क्रमाने काढत उघडा सांगाडा उरेपर्यंत जायचं. मग चिखल खरवडायचा, साबणाच्या पाण्याने घासायचं, आणि त्यानंतरच ब्लीच. चार लिटर पाण्याला जास्तीत जास्त एक कप. घाणीवर ब्लीच ओतला तर तो घाणीतच खर्च होतो. शेवटी वाळवणं. लाकडातली ओल १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवे पत्रे ठोकायचे नाहीत. घाईने ठोकले त्यांच्या भिंतींत आतून बुरशी आली आणि सगळं पुन्हा उचकटावं लागलं.

आपल्याकडे विटांची किंवा चिऱ्याची भिंत राहते, प्लायवुडचं कपाट राहत नाही. फुगलेला गिलावा ठोकून पाहा, पोकळ वाजेल तेवढा काढा, आणि भिंत पूर्ण वाळायच्या आत रंग देऊ नका. विजेच्या नळ्यांत आणि डब्यांत चिखल राहतो, तो वायरमनकडून काढून घेतल्याशिवाय मेन स्विच वर करू नये. ब्लीचिंगबरोबर संडास धुण्याचं आम्ल कधीही एकत्र करू नये, विषारी वायू होतो. जनित्र घराबाहेर, खिडकीपासून सहा मीटर तरी लांब ठेवा. पाण्यातून वाचलेली माणसं जनित्राच्या धुराने गेल्याची उदाहरणं अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक वादळानंतर घडतात.

प्रश्न : मृतांचा आकडा कुठे १८३३, कुठे १३९२ असा वाचतो. खरा कोणता? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : १८३३ हा आकडा अनेक वर्षं प्रचलित होता. राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ साली नोंदी पुन्हा तपासून १३९२ हा आकडा दिला. त्यांत ५२० मृत्यू थेट वादळाचे, ५६५ अप्रत्यक्ष, आणि ३०७ ठरवता न आलेले. औषध न मिळून आठवड्याने गेलेला माणूस कोणत्या रकान्यात, हे ठरवणं कठीणच असतं. आर्थिक नुकसान त्या वेळच्या किमतीने १२५ अब्ज डॉलर धरलं जातं.

प्रश्न : गेलेले लोक परत आले का? आणि आता ते शहर सुरक्षित आहे का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : सगळे नाही. २००० च्या जनगणनेत शहराची वस्ती ४ लाख ८४ हजार होती, २०१० ला ३ लाख ४३ हजार, २०२० ला ३ लाख ८४ हजार. घरबांधणीची सरकारी मदत सुरुवातीला दुरुस्तीचा खर्च आणि घराची वादळापूर्वीची किंमत यांतली जी रक्कम कमी असेल त्यावरून ठरत होती. गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत घराची किंमत कमी, पण पत्रे-खिळे-मजुरी तेवढ्याच दराची. त्यामुळे तिथल्या लोकांना घर पूर्ण करता आलं नाही. लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये आजही गवत वाढलेले रिकामे प्लॉट दिसतात, त्यामागे हे गणित आहे.

संरक्षणावर सुमारे १४.५ अब्ज डॉलर खर्च झाले. पूर्वेला बोर्न सरोवराच्या काठाजवळ २.९ किलोमीटर लांब आणि ७.९ मीटर उंच अडसर उभा केला. पाण्याला शहराबाहेरच थांबवायचं, हा त्यामागचा विचार. तिन्ही कालव्यांच्या तोंडाशी दरवाजे आणि कायमचे पंप २०१८ पर्यंत तयार झाले. नवीन भिंती उलट्या ‘टी’ अक्षरासारख्या, रुंद पायाच्या आणि खाली तिरप्या खांबांवर. पलीकडच्या पायथ्याला काँक्रीटचा पट्टा. पूर्वेकडचा जहाजांचा तो मार्ग २००९ साली दगडी बांध घालून बंद केला.

२९ ऑगस्ट २०२१ ला, बरोबर सोळा वर्षांनी, चौथ्या श्रेणीचं आयडा वादळ आलं आणि भिंती टिकल्या. पण शहराला वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या पडल्या आणि उकाड्याने माणसं दगावली. शिवाय ही व्यवस्था कोणत्याही एका वर्षी एक टक्का शक्यता असलेल्या वादळासाठी आहे, त्याहून मोठ्यासाठी नाही. आणि जमीन खचते आहे, त्यामुळे बांधांवर ठराविक काळाने भर घालावीच लागणार.

प्रश्न : आमच्याकडे खारबंदिस्ती, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणारे मातीचे बांध, आहे. मोठ्या उधाणात बांधांना खांडी पडतात आणि भातशेतीत खारं पाणी शिरतं. न्यू ऑर्लिन्सवरून आम्हाला काही घेता येईल का? (एक शेतकरी, पेण तालुका)

उत्तर : येईल, कारण बांध जाण्याच्या वाटा त्याच आहेत. पाणी वरून जातं, खालून जातं किंवा आरपार जातं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं असतं. त्या भरतीला बांधाच्या आतल्या, शेताकडच्या पायथ्याने चालत जा. पाझर दिसला तर पाणी ओंजळीत घेऊन बघा. स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती निघून येते आहे आणि वेळ थोडा आहे. अशा पाझराच्या तोंडावर माती टाकून दाबू नका, दाब दुसरीकडून फुटतो. त्याभोवती वाळूच्या गोण्यांचं गोल कडं करा, विहिरीच्या कठड्यासारखं. गोणी अर्ध्याहून थोडी जास्त भरा, तोंड दुमडून खाली घ्या आणि विटांसारखे सांधे चुकवत थर लावा. कड्यात पाणी चढतं, त्याच्या वजनाने आतला जोर कमी होतो. पाणी स्वच्छ येऊ लागलं की कड्याची उंची तिथेच थांबवा आणि सांडायला जागा ठेवा.

ओहोटीला खेकड्यांची बिळं शोधा. नुसतं तोंड बुजवून बीळ आत तसंच राहतं. ते पूर्ण खणून चिकणमातीचे वीतभर थर टाकत, प्रत्येक थर ठोकत भरा. माथ्याची पातळी गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने तपासा. हातभर खोल आणि चार हात लांब असा एक खळगाही पुरतो, सगळं उधाण तिथूनच जातं आणि आतली बाजू खरवडून खांड करतं. आतल्या उतारावर दगड लावलेले असतील तर वरून पाणी गेलं तरी बांध राहतो. माती आणि चिरेबंदी बांधकाम जिथे मिळतं तो सांधा सर्वांत कच्चा. न्यू ऑर्लिन्समध्येही मातीचा बांध आणि काँक्रीट यांच्या सांध्यांवर पाण्याने माती खाल्ली. आपल्याकडे ही जागा म्हणजे उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दाराच्या, दोन्ही बाजू. गोव्यातल्या खाजणांत, म्हणजे बांध घातलेल्या खारजमिनींत, या दाराला मानस म्हणतात. तिथे दर पावसाळ्याआधी माती नव्याने ठोकून घ्या. बाहेरच्या अंगाची तिवरं तोडू नका, लाटेचा मार तीच आधी घेतात. आणि भरती लागायच्या आधी उघाडीची झडप हाताने हलवून बघा. फळीत अडकलेला एक ओंडका रात्रभरात शेत खारं करतो.